विद्यापीठाच्या आसपास संध्याकाळ कशी घालवावी? (भाचीसाठी विचारतोय)

मुक्काम_परभणी | ३ ऑगस्ट, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीची मुलगी पुणे विद्यापीठात एम.एस्सी.ला लागली. विषय संख्याशास्त्र. मागच्या आठवड्यात मीच सोडून आलो. शिवाजीनगरला गादी घेतली, रिक्षात उभी धरून वसतिगृहापर्यंत नेली, बादली-मग घेऊन दिला आणि परतीची एस.टी. धरली.

अभ्यासाची काळजी नाही, पोरगी हुशार आहे. आज रविवार. सकाळपासून तीनदा फोन केला. "काय करतेस?" तर तिन्ही वेळा एकच उत्तर, "पडलेय." दुपारी मेसमध्ये फीस्ट, संध्याकाळी मेस बंद, मग बिस्किटाचा पुडा. म्हटलं अगं पुण्यात आहेस, बाहेर पड की. तर म्हणते, "मामा, बाहेर पडलं की पैसेच लागतात." मैत्रिणी एकदा कुठल्याशा कॅफेत घेऊन गेल्या होत्या. तिथं एका कॉफीचं जे बिल झालं त्यात आमच्याकडं दोघं पोटभर जेवतात.

मी पुण्यात शिकलो नाही. कामापुरता येतो आणि जातो, त्यामुळं मला काही सांगता येईना. इथले जुने-नवे विद्यार्थी काही सुचवतील का? हॉटेलं आणि मॉल सोडून. मेसचे पैसे वजा जाता महिन्याला हजार-बाराशेच हातात राहतात.

कोपऱ्यातला_बाक | ३ ऑगस्ट, रात्री ९:३१

रुमाल टाकून ठेवतो. लेक पुढच्या वर्षी तिकडंच जायचं म्हणतेय.

घरचा_डबा | ३ ऑगस्ट, रात्री ९:४८

संध्याकाळ घालवायचीय? सहा वाजता विद्यापीठ चौकात उभं राहायचं. आपोआप जाते.

(हलकेच घ्या. पण २०२० मध्ये जुना पूल पाडला तेव्हापासून आम्ही औंधकर मंडळी त्या चौकात इतकी बसलोय की तिथला एकेक मेट्रोचा खांब ओळखीचा झालाय.)

एकोणनव्वदची_बॅच | ३ ऑगस्ट, रात्री १०:१५

"आमच्या वेळी" हे शब्द एकदाच लिहितो आणि कामाचं बोलतो.

परभणीकर, तिला आधी विद्यापीठाचा परिसरच पायी पालथा घालू दे. ४११ एकर आहे. बहुतेक पोरं वसतिगृह, विभाग आणि मेस या त्रिकोणात दोन वर्षं काढतात. मीही तेच केलं. मुख्य इमारतीसमोरून रोज जायचो, पण ती नुसती इमारत होती माझ्यासाठी. मुंबईच्या गव्हर्नरचं ते पावसाळ्यात राहायचं घर, १८६० च्या दशकात बांधायला घेतलेलं. विद्यापीठ तिथं आलं १९४९ मध्ये. २२ जून १८९७ च्या रात्री याच इमारतीत व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाचा सोहळा होता. तो आटोपून रँड बग्गीत बसला आणि गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी त्याला गाठलं. "गोंद्या आला रे" ही खुणेची हाक तिथली, त्या अंधारातली.

आणि आम्ही? त्याच रस्त्यानं डबलसीट सायकल हाणत राहुल टॉकीजला इंग्रजी सिनेमा बघायला जायचो. चापेकरांविषयी शाळेत शिकलो होतो, पण ती जागा म्हणजे आपल्या सायकलखालचा रस्ता, हे मला नोकरीला लागल्यावर एका सहकाऱ्यानं सांगितलं. इतकी लाज वाटली की पुढच्या रविवारी मुद्दाम चालत गेलो.

ही सहल फुकट आहे. पावसाळ्यात तर झाडं अशी भरतात की शहराचा आवाजसुद्धा आत येत नाही.

सदाशिवपेठी | ३ ऑगस्ट, रात्री १०:४०

मुळात विद्यापीठ पुण्यात आहे का, हा प्रश्न आहे. आमच्या आजोबांच्या लेखी लकडी पुलाच्या पलीकडं जंगल होतं. खिंड म्हणजे तर परगाव. मुलीला पुणं बघायचं असेल तर तिनं बस धरून पेठेत यावं.

घरचा_डबा | ३ ऑगस्ट, रात्री १०:४४

आले. धाग्याला पूर्णत्व आलं.

तिसरी_घंटा | ४ ऑगस्ट, सकाळी ८:०५

परभणीकर, तुमची भाची नेमकी योग्य महिन्यात आलीय. ऑगस्ट म्हणजे पुरुषोत्तम.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: महाराष्ट्रीय कलोपासकची आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा, १९६३ पासूनची. सदाशिव पेठेत भरत नाट्य मंदिरात होते. प्राथमिक फेरीची तिकिटं विद्यार्थ्यांच्या खिशाला झेपतात. एकांकिका चांगली निघेल का वाईट हे नशीब, पण पडदा उघडायच्या आधीचा अर्धा तास कधीच वाया जात नाही. दोन कॉलेजांची पोरं समोरासमोर, "अरे आव्वाज कुणाचा!", घसे बसलेले, कुणीतरी खुर्चीवर चढलेलं, मागून एक काका "बसा खाली" म्हणून ओरडतायत आणि ते काका स्वतः सत्तरच्या दशकात त्याच खुर्चीवर चढलेले. घंटा झाली की सगळं चिडीचूप. नाटक पडलं तर तीच पोरं निर्दयपणे खोकतात. परीक्षकही हातचं राखत नाहीत. २०२२ ला एकही एकांकिका त्या तोडीची नाही म्हणून अंतिम फेरीत करंडक कुणालाच दिला नव्हता. केवढा गहजब झाला होता! माझं मत विचाराल तर बरोबर केलं.

पुढं फिरोदिया करंडक असतो, १९७४ पासूनचा. त्यात नाटक, गाणं, नाच, चित्र, जे जे येतं ते एका गोष्टीत गुंफायचं. गोंधळ असतो, पण देखणा गोंधळ.

आणि खुद्द विद्यापीठात, तिच्या वसतिगृहापासून चालत जाण्याच्या अंतरावर, ललित कला केंद्र आहे. नाटक, गाणं, नृत्य शिकवणारा विभाग, १९८७ चा. नाटककार सतीश आळेकर सर तिथं बरीच वर्षं प्रमुख होते. तिथल्या अंगणमंचावर विद्यार्थ्यांचे प्रयोग होतात. अंगणच ते. खुर्चीची अपेक्षा ठेवू नये, डास आहेत, ओडोमॉस लावून जावं. पण समोर हातभर अंतरावर माणूस अभिनय करत असतो. त्याच्या कपाळावरचा घाम दिसतो. शहरातल्या मोठ्या नाट्यगृहात पंधराव्या रांगेतून हे दिसत नाही.

टेकडीपंत | ४ ऑगस्ट, सकाळी ९:३०

नाटकबिटक ठीक. पण पुण्याची खरी करमणूक टेकडी. विद्यापीठाला लागून चतुःशृंगीची टेकडी. देवीच्या पायऱ्या चढून मागं गेलं की वर पठार. फर्ग्युसनच्या पाठीमागं हनुमान टेकडी. आणि सगळ्यांचा बाप म्हणजे वेताळ टेकडी, सुमारे ८०० मीटर, शहरातली सर्वांत उंच जागा. खाणीत पाणी साठलेलं, मोर ओरडत असतात, श्रावणात गवत कमरेएवढं. ही टेकडी फोडून बालभारती ते पौड फाटा रस्ता काढायचं चाललं होतं, २०२३ ला हजारो माणसं त्याविरुद्ध रस्त्यावर उतरली. त्यात कॉलेजची पोरं किती होती! संध्याकाळी सूर्यास्ताला वर जाऊन बसावं, खाली दिवे लागताना बघावेत. एक पैसा लागत नाही.

अबोली_ | ४ ऑगस्ट, सकाळी १०:०२

पंत, तुम्ही पुरुष आहात हे तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांवरून कळलं.

परभणीचे दादा, भाचीला सूर्यास्ताला टेकडीवर एकटीला पाठवू नका. माझा फोन टेकडीवरून उतरताना हिसकावलाय, पावणेसातला, दिवाळीच्या सुमाराला, अंधार लवकर पडतो तेव्हा. फोनचं जाऊ दे, नंतर सहा महिने मी वर गेले नाही, ते नुकसान जास्त. पहाटे जायचं. सहाला पायथ्याशी कॅनव्हासचे बूट आणि मंकी कॅप घातलेल्या काकूंचा घोळका असतो, त्यांच्या मागं लागायचं. पहिल्या दिवशी त्या विचारतात "कुठली गं तू?", दुसऱ्या दिवशी राजगिऱ्याची वडी देतात, आठवड्यात तुमच्यासाठी स्थळ सुचवतात. पण सुरक्षित.

टेकडीपंत | ४ ऑगस्ट, सकाळी १०:२०

मान्य. पहाट.
(सूर्योदयही बरा असतो.)

खगोलवेडी | ४ ऑगस्ट, दुपारी १:१०

आयुका, म्हणजे खगोलशास्त्राची संशोधन संस्था, कुणीच कशी लिहिली नाही? विद्यापीठाच्या आवारातच आहे. नारळीकर सरांनी १९८८ मध्ये उभी केलेली संस्था, इमारत चार्ल्स कोरियांची. मधल्या चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन यांचे पुतळे आहेत. मला सगळ्यात आवडतो तो तिथला फुकोचा लंबक. जड गोळा लांब तारेला टांगलेला, संथ हेलकावे घेत असतो. पाच मिनिटं बघितलं तर काहीच होत नाही, कंटाळा येतो. तासाभरानं परत येऊन बघा, हेलकाव्याची रेघ सरकलेली असते. लंबक तिथंच आहे, आपण फिरलोय, पृथ्वीसकट. संख्याशास्त्राच्या मुलीला हे आवडेलच.

लोकांसाठी व्याख्यानं होतात, विज्ञानदिनाला, २८ फेब्रुवारीला, संस्था सगळ्यांना खुली असते, तेव्हा जत्रा लोटते. आकाशदर्शनाचे कार्यक्रमही असतात. पण आत्ता ढग. वेळापत्रक बघूनच जावं.

२०२५ च्या मे महिन्यात नारळीकर सर गेले, त्यानंतर मी एकदा त्या चौकात जाऊन बसले. फार नाही लिहीत.

रीळ_संपलं | ४ ऑगस्ट, दुपारी ३:४५

सिनेमावाल्यांसाठी: लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, १९६४ चं. पी. के. नायरांनी अक्षरशः डबा डबा गोळा करून उभं केलेलं. जवळच एफटीआयआय, म्हणजे सिनेमा शिकवणारी संस्था, प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या आवारात. संग्रहालयाच्या थिएटरमध्ये जगभरचे सिनेमे दाखवतात, कार्यक्रमांवर लक्ष ठेवावं. तिथं सिनेमा चालू असताना कुणी मोबाईल काढला तर शेजारचा ज्या नजरेनं बघतो ती नजर मल्टिप्लेक्समध्ये पाचशे रुपये देऊन मिळत नाही.

सदाशिवपेठी | ४ ऑगस्ट, दुपारी ४:२०

डिसेंबरातला सवाई गंधर्व संगीत महोत्सव राहिला. १९५३ पासून. भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केला. भारतीय बैठकीचं तिकीट काढावं, सतरंजीवर पाठीला पाठ लावून बसावं. पूर्वी रमणबागेत व्हायचा तेव्हा

सदाशिवपेठी | ४ ऑगस्ट, दुपारी ४:२६

(वरचा प्रतिसाद अर्धवट गेला, नातवानं बटण दाबलं.) रमणबागेत व्हायचा तेव्हा रात्रभर गाणं असायचं आणि पहाटे थंडीत लक्ष्मी रोडवरून पायी घरी. आता दहाला बंद आणि तोही मुकुंदनगरला. असो.

नवा_गडी | ४ ऑगस्ट, सायं. ५:००

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

घरचा_डबा | ४ ऑगस्ट, सायं. ५:०३

काय होतं काय होतं?

अभ्यासिका_४ | ४ ऑगस्ट, रात्री ११:५०

मी हिंगोली जिल्ह्यातला. एमपीएससी करतो. पुण्यात चौथं वर्ष. धागा सकाळपासून वाचतोय, लिहावं का नको करत आत्ता लिहितो.

तुम्ही वर जे जे सांगितलं ते मला पहिली दोन वर्षं माहीतच नव्हतं. आणि ज्याचं माहीत होतं तिथं आपल्याला आत जाता येतं हे माहीत नव्हतं. हे तुम्हाला लक्षात येणार नाही. पुण्यातल्या माणसाला फाटक दिसत नाही, उघडंच दिसतं. आम्हाला आधी वॉचमन दिसतो.

माझा एक मित्र विद्यापीठात कमवा व शिका योजनेत होता, रोज तीन तास बागेत काम. त्याच्याकडं आलो होतो, दोन वर्षांमागं. जेवण करून परत निघालो तर एका आवारातनं तबला ऐकू आला. आमच्या गावात सप्ताह असतो, पखवाज ऐकतच मोठा झालो, त्यामुळं पाय थांबले. बारीक पाऊस होता. भिंतीला टेकून बाहेरच उभा राहिलो. आत लोक बसलेले दिसत होते. बाहेर चपलांचा ढीग. मनात म्हटलं पास असेल, नाहीतर विभागाच्याच लोकांना असेल. चाळीस मिनिटं तरी उभा होतो. सदरा भिजला.

एक मुलगी फोन घ्यायला बाहेर आली. घुंगरू काढून हातात धरलेले. फोन झाला, जाता जाता म्हणाली, "आत ये ना, बाहेर काय उभायस?" मी म्हटलं, "पास नाही माझ्याकडं." ती म्हणाली, "कसला पास?"

तिला खरंच कळलं नव्हतं मी काय म्हणतोय ते.

आत गेलो. शेवटची पंधरा मिनिटं मिळाली. चप्पल मात्र ढिगात न काढता लांब कोपऱ्यात काढली होती, अंगठा तुटलेला होता.

तेव्हापासून जातो. अभ्यासिकेतल्या पोरांनाही नेतो, सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच, "आत सोडतात का?" तर मामा, भाचीला यादी पाठवू नका. यादी तिच्याकडं गूगलवर पण आहे. पहिल्या खेपेला कुणीतरी हाताला धरून आत न्या.

एकोणनव्वदची_बॅच | ५ ऑगस्ट, सकाळी ६:४०

+१००. मी वर सहलीचं लिहिलं, पण मलाही ती जागा कुणीतरी सांगितली तेव्हाच कळली हे लिहून पुढं निघून गेलो होतो.

तिसरी_घंटा | ५ ऑगस्ट, सकाळी ८:३०

अभ्यासिका, कुठली तारीख होती ती? आमच्यातलीच कुणीतरी असणार. (चप्पल ढिगात काढ रे पुढच्या वेळी. तिथल्या निम्म्या चपला तुटक्याच असतात, नट आहेत सगळे.)

परभणीकर, शनिवारी भरतला प्राथमिक फेरी बघायला मी जाणार आहे. भाचीला यायचं असेल तर दाराशी उभा राहीन.

अबोली_ | ५ ऑगस्ट, सकाळी ८:४१

घंटा, तुमचा हेतू चांगला आहे, पण जालावरच्या अनोळखी गृहस्थानं वीस-एकवीस वर्षांच्या मुलीला दाराशी भेटणं, हे तिच्या आईला फोनवर समजावून सांगून बघा. मी जाते तिच्यासोबत. दादा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघा. माझा पत्ता, नोकरी, सगळं लिहिलंय, बहिणीलाही माझ्याशी बोलू दे.

तिसरी_घंटा | ५ ऑगस्ट, सकाळी ८:४५

रास्त. मी मागच्या रांगेत बसतो. खोकणार नाही.

मुक्काम_परभणी | ५ ऑगस्ट, दुपारी २:१५

काय बोलू. ताई, व्यनि मिळाला, बहिणीचा नंबर दिलाय. हिंगोलीच्या भाऊ, तुमचं लिहिलेलं बहिणीला फोनवर वाचून दाखवलं. ती मधेच म्हणाली, "दादा, तू पण तर तिला फाटकावर सोडूनच परत आलास की." खरंय. आत वसतिगृहाच्या कार्यालयात कोण काय विचारील, आपल्याला नीट बोलता येईल का, म्हणून मी फाटकापाशीच रिक्षा थांबवली होती. गादी तिनं एकटीनं वर नेली.

खगोलवेडी | ५ ऑगस्ट, दुपारी २:४०

दादा, पुढच्या वेळी याल तेव्हा तुम्हीही आत या. लंबक मी दाखवते.

घरचा_डबा | ११ ऑगस्ट, रात्री १०:१०

धागा वर काढतो. शनिवारचं काय झालं?

अबोली_ | ११ ऑगस्ट, रात्री १०:३५

झालं छान. आधी अनिकेत कँटीनला भेटलो, चहा घेतला, बसनं गेलो. पहिली एकांकिका पडली, दुसरी बरी, तिसरी चांगली. ही पहिल्या दोन्हीला गप्प. तिसऱ्यात मधे लाइट गेले (नाटकातले, खरे नव्हे) आणि एक पोरगा अंधारात नुसता श्वास घेत राहिला, तेव्हा हिनं माझा हात घट्ट धरला. बाहेर आल्यावर मला म्हणते, "ताई, हे सगळे माझ्याएवढेच आहेत." परत येताना बसमध्ये तोच विषय. मी फक्त ऐकत होते.

मुक्काम_परभणी | २८ सप्टेंबर, रात्री १०:४५

उशिरा कळवतोय, सोयाबीन काढणीची गडबड.

गणपतीत दहापैकी पाच रात्री ती आणि तिची खोलीतली मैत्रीण पेठेत पायी देखावे बघत हिंडल्या. मैत्रीण गडचिरोलीची आहे, तिला हीच घेऊन गेली. आता नवरात्रात दोघी चतुःशृंगीच्या जत्रेत. आज रविवार म्हणून सवयीनं तीनदा फोन केला, उचलला नाही. आत्ता मेसेज आला, जसाच्या तसा देतो: "मामा मेस बंद होती भेळ खाल्ली. पाळण्यात बसले. उद्या करते फोन."

आणखी एक विचारायचंय. विभागातली पोरं फिरोदियासाठी संघ करतायत म्हणे, तिला संगीतात घेतलंय. तिला पेटी शिकायचीय. तीन-चार महिन्यांत येईल का? आणि जुनी पेटी स्वस्तात कुठं मिळेल?

तिसरी_घंटा | २८ सप्टेंबर, रात्री ११:०२

तीन महिन्यांत पेटी येत नाही. टाळ येतात. संघाला ठेका धरणारा माणूस नेहमीच कमी पडतो, टाळ मागा म्हणावं.

अभ्यासिका_४ | २८ सप्टेंबर, रात्री ११:२०

टाळ माझ्याकडं आहेत. आज्याचे, वारीतले. खोलीवर ट्रंकेत पडूनच आहेत. मामा, व्यनि केलाय.